कंपनीप्रमुखाची दूरदृष्टी आणि सचोटी: फकीरचंद कोहलींचे उदाहरण नव्या मुलांना कसे सांगावे?

हिंजवडीची_वाट

नमस्कार. मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड म्हणून काम करते. गेल्या महिन्यात ग्राहकाकडे पाठवायच्या रेझ्युमेंमध्ये दोन फ्रेशर मुलांचा अनुभव तीन वर्षांचा दाखवावा, असे मला तोंडी सांगण्यात आले. मी नकार दिला. ते काम दुसऱ्या टीमकडे गेले आणि ती दोन्ही मुले अजून बेंचवर, म्हणजे कोणत्याही प्रकल्पाविना, बसून आहेत. त्यांच्यापैकी एकाने मला अगदी सरळ विचारले, "मॅडम, तुम्ही हो म्हणाला असता तर कोणाचे काय बिघडले असते?" त्याला पटेल असे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

पुढच्या आठवड्यात नव्याने भरती झालेल्या मुलांसमोर नेतृत्वाविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. टीसीएस, म्हणजे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या सॉफ्टवेअर कंपनीचे पहिले प्रमुख फकीरचंद कोहली यांच्याविषयी बोलावे असे मनात आहे. ते दूरदर्शी होते, याबद्दल कोणाचे दुमत नसावे. पण दूरदृष्टी आणि नैतिकता या दोन गोष्टी त्यांच्या कामात एकत्र कोठे दिसतात, हे मला नेमके मांडता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुना_कोबोलवाला

आपण नकार दिलात याचे मला मनापासून समाधान वाटले, हे आधी सांगतो.

कोहलींचा जन्म 1924 साली पेशावरचा. लाहोर, कॅनडातील क्वीन्स विद्यापीठ आणि अमेरिकेतील एमआयटी असा शिक्षणाचा प्रवास करून ते 1951 साली मुंबईत टाटांच्या वीज कंपनीत रुजू झाले. त्यांच्याविषयी बोलताना लोक थेट टीसीएसपासून सुरुवात करतात आणि ही अठरा वर्षे वगळतात. माझ्या मते त्यांची घडण याच वर्षांत झाली. वीज वितरणात मागणी आणि पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो, आणि तो चुकला तर शहर अंधारात जाते. कागदावर आकडे कितीही चांगले दाखवले तरी दिवा लागत नाही. ज्याने इतकी वर्षे असे काम केले, त्याला क्षमता असणे आणि क्षमता दाखवणे यांतील फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

1968 साली टीसीएस सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कोहलींना तेथे पाठवण्यात आले. सुरुवातीची कामे साधी होती: पंचकार्डांवरचे (छिद्रे पाडून माहिती नोंदवलेल्या कार्डांवरचे) हिशेब, सेंट्रल बँकेच्या शाखांमधील व्यवहारांचा ताळमेळ, अशा स्वरूपाची. त्या काळी संगणक आयात करायचा तर परकीय चलनासाठी सरकारची परवानगी लागे आणि बदल्यात सॉफ्टवेअर निर्यात करण्याची हमी द्यावी लागे. मग 1974 साली बरोज या अमेरिकी कंपनीचे काम मिळाले. रुग्णालयांच्या हिशेबाची एक प्रणाली बरोजच्याच दुसऱ्या प्रकारच्या संगणकासाठी नव्याने लिहायची होती, आणि ज्या यंत्रावर ती चालायची होती ते यंत्र आपल्या लोकांकडे नव्हते. हाताशी होता तो आयसीएल 1903 हा वेगळ्याच कंपनीचा संगणक. त्यांनी त्यावर काम करून एका यंत्राच्या कोबोलमधून (कोबोल ही हिशेबाच्या कामांसाठीची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) दुसऱ्या यंत्राच्या कोबोलमध्ये रूपांतर करणारे साधन तयार केले आणि काम पुरे केले. मी स्वतः पुढे कोबोलमध्ये आयुष्य घालवले असल्यामुळे हे किती कठीण असते, याची मला कल्पना आहे.

आपल्या त्या मुलाला हेच सांगावे असे मला वाटते. त्या लोकांकडे अनुभवही नव्हता आणि यंत्रही नव्हते. ती उणीव त्यांनी कामाने भरून काढली. रेझ्युमेवर तीन वर्षे लिहिल्याने ती भरत नाही, आणि ज्या दिवशी ग्राहकाच्या यंत्रणेत बिघाड होतो त्या दिवशी ती सगळ्यांना दिसते.

अक्षरओळख

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मात्र कोहलींच्या बाबतीत नैतिकतेचा मुद्दा मला 1996 नंतरच्या काळात अधिक ठळक दिसतो, म्हणजे टीसीएसची सूत्रे एस. रामदुराई यांच्याकडे गेल्यानंतरच्या काळात. वयाच्या पंचाहत्तरीच्या सुमारास त्यांनी प्रौढ साक्षरतेचे काम हाती घेतले. अक्षरे एकेक करून गिरवण्याऐवजी आधी पूर्ण शब्द चित्रासह ओळखायचा आणि मग तो फोडून त्यातील अक्षरे पाहायची, अशी ती संगणकावर आधारलेली पद्धत होती. सुमारे 40 तासांत निरक्षर प्रौढाला साधा मजकूर वाचता यावा, असे तिचे उद्दिष्ट होते. आंध्र प्रदेशात तेलुगूपासून सुरुवात झाली आणि नंतर मराठीसह इतर भाषांतही ती तयार झाली. कार्यालयांनी टाकून दिलेले जुने संगणकही तिला पुरत.

मी दोन हंगाम प्रौढ साक्षरतेच्या वर्गांत काम केले आहे, संगणकाविना, खडू-फळ्यावर. शेतावरून थकून आलेल्या बाईला बाराखडी पाठ करायला लावली की चौथ्या दिवशी ती येत नाही, हा माझा अनुभव आहे. एसटीच्या पाटीवर स्वतःच्या गावाचे नाव वाचता आले की मात्र ती टिकते. त्यामुळे शब्दापासून सुरुवात करण्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. या पद्धतीत भर वाचनावर आहे, लेखनाची गरज तिने भागत नाही, ही मर्यादा मुलांपासून लपवू नये. पण ज्या माणसाने परदेशी ग्राहकांसाठी एवढा मोठा उद्योग उभा केला, त्याला आपल्या यंत्रांचा उपयोग ज्यांना सहीसुद्धा करता येत नाही अशांना काय, असा प्रश्न पडला. हा प्रश्न पडणे आणि त्यावर काम सुरू करणे, यालाच मी त्यांची सचोटी म्हणेन.

ताळेबंद

मी लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे थोडा वेगळा सूर लावतो. व्यक्तीच्या चारित्र्यावर सगळी भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी 7 जानेवारी 2009 रोजी स्वतःच पत्र लिहून हिशेबातील घोटाळ्याची कबुली दिली. रक्कम सात हजार कोटी रुपयांच्या वर होती, आणि त्याच्या काही महिने आधीच या कंपनीला सुशासनाचा पुरस्कार मिळाला होता. तेव्हा नाव आणि पुरस्कार पाहून सचोटी ठरवता येत नाही. 1981 साली पुण्यात नोंदणी झालेल्या इन्फोसिसने कायद्याने मागितले त्याहून अधिक माहिती आपल्या अहवालांत द्यायला सुरुवात केली, ते उदाहरण मला या दृष्टीने महत्त्वाचे वाटते, कारण त्यात बाहेरच्या माणसाला तपासून पाहायला काहीतरी हाती लागते.

कोहलींविषयी एक आक्षेपही नोंदवतो. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाने पहिली कित्येक वर्षे मुख्यतः इंजिनिअर परदेशी पाठवून पैसा मिळवला, आणि या वाटेच्या आखणीत त्यांचा वाटा मोठा होता.

जुना_कोबोलवाला

आक्षेप रास्त आहे, आणि मी तो टाळणार नाही. फक्त एवढे जोडतो की या वाटेवरची उणीव कोहलींनी स्वतः वारंवार बोलून दाखवली. देशात हार्डवेअर तयार झाले पाहिजे आणि भारतीय भाषांत सॉफ्टवेअर झाले पाहिजे, हे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. संशोधनासाठी 1981 साली पुण्यात टीआरडीडीसी ही टाटांची संशोधन संस्था उभी राहिली, त्यामागे त्यांचा पुढाकार होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी उतारवयात सांभाळले. आपण उभ्या केलेल्या उद्योगात काय कमी आहे, हे त्याच उद्योगाच्या व्यासपीठावर सांगणारी माणसे मी फार थोडी पाहिली. 2020 साली, वयाच्या 96 व्या वर्षी, ते गेले.

हिंजवडीची_वाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी भाषणात बरोजचे काम आणि साक्षरतेचे काम या दोनच गोष्टी सविस्तर सांगायचे ठरवले आहे, आणि 'ताळेबंद' यांचा आक्षेपही जसाच्या तसा मुलांसमोर ठेवीन. एक शंका राहते. पुन्हा अशी तोंडी सूचना आली तर नकार देण्यापलीकडे मी काय करावे?

ताळेबंद

त्याच दिवशी ईमेल करावा. "अमुक दोघांचा प्रत्यक्ष अनुभव इतके महिने आहे, त्यांना इतके प्रशिक्षण दिले आहे, आणि ग्राहकाला हीच माहिती द्यावी असे मी सुचवते," एवढे तीन ओळींत लिहावे. कोणावर आरोप करू नये आणि तोंडी सूचनेचा उल्लेखही करू नये. तोंडी सूचनेनंतर खरी माहिती अशी लेखी गेली की बहुतेक वेळा ती सूचना मागे घेतली जाते, असे मी पुष्कळ पाहिले आहे. बेंचवरच्या त्या दोन मुलांसाठी मात्र एखादे लहान, अंतर्गत काम शोधावे आणि त्याची नीट नोंद ठेवावी, म्हणजे पुढच्या रेझ्युमेवर लिहायला त्यांच्याकडे खरे काही असेल.