मुक्तछंद रेडिओवर चालतो की!
रेडिओवरच्या कवितावाचनाबद्दल काहीजण म्हणतात की तिथे गेय कविताच चालते, आजचा मुक्तछंद, म्हणजे ठरावीक वृत्त-यमक नसलेली कविता, ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून जातो. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या इंदूरला मालवा हाऊसमधून 1955 पासून आकाशवाणी बोलतेय, आणि इथल्या मराठी घरांत पुण्या-मुंबईचे नवे कवितासंग्रह सहज मिळत नाहीत, त्यामुळे एखादा कवी स्वतःची कविता बाजूला ठेवून आत्ता लिहिणाऱ्या दुसऱ्यांची कविता रेडिओवर ऐकवतो तेव्हा त्याचं मोल फार आहे.

फक्त वाचता यायला हवी. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही, तो कुकरच्या शिट्ट्यांत, पोहे परतताना ऐकतोय, म्हणून कविता छोटी घ्यावी, कवीचं नाव आधी आणि शेवटीही सांगावं, आणि दोनदा वाचावी, मध्ये अर्थ सांगत बसू नये प्लीज. ओळ तुटते तिथे श्वासभर थांबलं की लय आपोआप कळते, मागे बासरी लावली की ती बुडते. पाडगावकर मुंबई आकाशवाणीत होते, बोरकर पुणे-पणजीला, म्हणजे कवी आणि माइकचं नातं आपल्याकडे जुनंच आहे. आणि मुक्तछंदाचं म्हणाल तर अरुण कोलटकर, नामदेव ढसाळ यांच्या कविता एकदा मोठ्याने वाचून बघा. कुणाकडे अशा वाचनाचं रेकॉर्डिंग असेल तर जरूर द्या, इकडे ऐकणारे आहेत.