शब्दचर्चा: ‘कंटिन्युटी मिस्टेक’ला आपण काय म्हणतो?

सबटायटलवाली:
सांगलीत घरी बसून सबटायटलं लिहायचं काम करते. सध्या हातात अमेरिकी सिटकॉमवरच्या, म्हणजे विनोदी मालिकांवरच्या गप्पांचा एक कार्यक्रम आहे आणि त्यात दर दोन मिनिटांनी ‘कंटिन्युटी मिस्टेक’ येते, म्हणजे आधी दाखवलेलं पुढच्याशी जुळत नाही ती चूक. पहिल्यांदा ‘सातत्यातील चूक’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी परत पाठवलं: “म्हणजे नट रोज वेळेवर येत नाही का?” खरंय त्यांचं. सातत्य म्हटलं की आपल्याला फलंदाज आठवतो, नाहीतर रोज पहाटे आमराईत फिरायला जाणारे काका. मग ‘सलगता’ घालून बघितलं. सलग कापड, सलग सुट्टी हे कळतं. ‘सलगतेची चूक’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे काहीच येत नाही.

काल रात्री आई मालिका बघत बसली होती. नायिका स्वयंपाकघरातून बाहेर आली, सासूशी दोन वाक्यं बोलली, आणि आई एकदम म्हणाली, “अगं, आत असताना हिच्या कपाळाला चंद्रकोर होती की! बाहेर येईस्तोवर टिकली झाली. कायतरी मेळ नाही बघ.”

मी लगेच लिहून ठेवलं. ‘मेळ’ चालेल का? या अर्थाने आणखी कोणी वापरतं का?

खडू-फळा:
ताई, गणितात तयार शब्द आहे. आम्ही ‘सांतत्य’ शिकवतो. सातत्य नव्हे, अनुस्वारासह. मूळ शब्द ‘संतत’, आपल्या संततधारेतला. पेन्सिल न उचलता आलेख काढता आला तर तो संतत, मध्येच उडी मारली तर असंतत (काटेकोर व्याख्या वेगळी, ती इथे नको). कप अर्धा होता आणि पुढच्या क्षणी काठोकाठ भरला, ही उडीच झाली. म्हणून ‘सांतत्यभंग’.

सबटायटलवाली:
शब्द नेमका आहे सर, पण ‘सांतत्यभंग’ म्हटलं की आता पोलीस येणार असं वाटतं. शांतताभंगाचा सख्खा भाऊ. शिवाय टायपिंगमध्ये अनुस्वार गळला की मी परत सातत्यावर.

गुळाची ढेप:
सरळ ‘विसंगती’ म्हणा की. कशाला एवढा काथ्याकूट?

हरिपूरकर:
इतर कुठे चालली असती, पण सिटकॉमसाठी विसंगती नको. सिटकॉमचं पोटच विसंगतीवर भरतं. माणूस बोलतो एक, करतो एक, आणि लोक हसतात. ती लेखकाने ठरवून घातलेली विसंगती. कपातला चहा आपोआप वाढतो ती नकळत झालेली. दोन्हींना एकच शब्द दिला तर विनोद कुठला आणि घोटाळा कुठला, हे वाचणाऱ्याला कळायचं नाही.

आता माझा किडा. मी हौशी नाटकवाला. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हापासून आपलं गाव नाट्यपंढरी. अंक, प्रवेश, पडदा, विंग, प्रॉम्प्टर, रंगपट, सगळ्याला शब्द आहेत. कंटिन्युटीला मात्र नाही. बरेच दिवस मला वाटायचं, जुन्या मंडळींचं लक्ष गेलं नसावं. तसं नाही, त्यांना गरजच पडली नाही. रंगमंचावर काळ पुढेच जातो. चहा अर्धा प्यालात की कप अर्धाच राहतो, तो भरणार कोण? एका प्रयोगात माझी मिशी निम्मी सुटली, तर अंक संपेपर्यंत ती तशीच लोंबत होती आणि प्रेक्षकांनी ती माझ्याबरोबर सोसली. गेलेला क्षण परत घेता येत नाही, म्हणून तो आधीच्या क्षणाशी जुळवायची भानगडही नाही. ही भानगड कॅमेऱ्याने आणली.

पडद्यामागे:
हरिपूरकर काकांचं बरोबर आहे. साताऱ्याकडे एका मालिकेच्या सेटवर दीड वर्ष असिस्टंट होतो. चार भागांतले स्वयंपाकघराचे सगळे सीन एकाच दिवशी उरकायचे, कारण लाइट तिथे लागलेत. त्यामुळे मंगळवारचं भांडण सकाळी आणि सोमवारचं कारण दुपारी. प्रत्येक सीन संपला की मी मोबाइलवर फोटो काढायचो: पदर कुठल्या खांद्यावर, बांगड्या किती, पोळी तव्यावर की ताटात. मराठी शब्द कुणी वापरत नव्हतं. “कंटिन्युटी दे” म्हणजे फोटो दाखव. आणि दोन शॉट जुळत नसतील तर ‘जर्क’. “हाताचा जर्क येतोय” म्हणजे एका शॉटमध्ये हात कमरेवर, दुसऱ्यात खाली. सेटवरचा चालू शब्द विचाराल तर हाच.

एक मात्र सांगतो, दर वेळी ती ‘चूक’ असतेच असं नाही. ‘फ्रेंड्स’सारखे सिटकॉम समोर प्रेक्षक बसवून, एका वेळी अनेक कॅमेरे लावून शूट व्हायचे. एक सीन तीन-चार वेळा व्हायचा, विनोद पडला तर लेखक तिथल्या तिथे वाक्य बदलायचे. मग एडिटर काय करणार? ज्या टेकला वाक्य बसलं तो टेक घेणार. त्यात ग्लास डाव्या हातात आहे आणि आधीच्या शॉटमध्ये उजव्या, हे त्याला दिसत नाही असं नाही. दिसूनही तो हशा ठेवतो. मीही तेच केलं असतं.

हळदबाजार:
‘मेळ’वर कोण पुढं बोलंनाच, म्हणून लिवतोय. आमचं मार्केट यार्डात अडत दुकान. ताई, तुमच्या आईंचा शब्द आमच्यात रोजचा हाय. रोजमेळ. दिवसाची जमा, दिवसाचा खर्च, आणि रात्री हातातली रोकड वहीशी जुळली पाहिजे. जुळली की “मेळ बसला”, नाही जुळली की “मेळ चुकला”. आमचे जुने दिवाणजी पाच रुपयांचा मेळ चुकला तरी रात्री दहापर्यंत उठायचे नाहीत. चहा त्यांना, उपास आम्हाला.

आता बघा, काल रात्रीची अखेरची शिल्लक तीच आज सकाळची आरंभीची शिल्लक. मधे कुणी गल्ल्यात हात घातला नसंल तर दोन्ही आकडे एकच पाहिजेत. तुमची कंटिन्युटी म्हणजे दुसरं काय हाय? पहिला शॉट संपताना कपात जेवढा चहा, तेवढाच दुसऱ्याच्या सुरुवातीला. चंद्रकोर शिल्लक होती, सकाळी टिकली निघाली. मेळ चुकला.

सबटायटलवाली:
हळदबाजार दादा, नमस्कार घ्या! आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मी वेगळं काय म्हणत होते?”

खडू-फळा:
मेळ मान्य. पण एक फट राहते. कप, टिकली, पदर यांना मेळ ठीक. कथेतल्या घोळाचं काय? ‘फ्रेंड्स’मधला रॉस तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या सीझनमध्येही एकोणतीस वर्षांचाच. मोनिकाच्या दाराचा नंबर आधी 5, पुढे 20. पहिल्याच भागात रेचेलची चँडलरशी ओळख करून देतात, जणू पहिल्यांदाच भेटताहेत. पाचव्या सीझनमधल्या थँक्सगिव्हिंगच्या आठवणींत मात्र दोघं कॉलेजच्या वयात एकाच घरात. इथे एकही शॉट दुसऱ्या शॉटशी भांडत नाही. आधीचं सांगणं नंतरच्या सांगण्याशी भांडतं. याला शास्त्रात जुना शब्द आहे, पूर्वापरविरोध. वदतोव्याघात म्हणू नका. त्यात एकच वाक्य स्वतःला खोडतं. रॉस एका दमात ‘मी एकोणतीसचा आहे आणि तिसाचा आहे’ म्हणाला असता तर तो वदतोव्याघात.

हळदबाजार:
सर, त्यालाबी आमच्याकडं जागा हाय. कीर्द वेगळी, खतावणी वेगळी. कीर्दीत रोजचं लिवायचं, मग एकेका माणसाच्या खात्यावर चढवायचं ते खतावणीत. कपातला चहा ही कीर्दीतली चूक. रॉसचं वय ही खतावणीतली: तीन सालं गेली, त्याच्या खात्यावर कुणी वर्षंच चढवली नाहीत.

पडद्यामागे:
हे भारी आहे. मग ‘फ्रेजर’ बसवून बघा. ‘चीअर्स’ या आधीच्या सिटकॉममध्ये फ्रेजर हे पात्र सांगतं, वडील वारले, ते शास्त्रज्ञ होते. 1993 साली त्याच्यावर वेगळी मालिका निघाली, त्यात वडील धडधाकट, निवृत्त पोलीस, आणि त्याच्याच घरात राहायला. दुसऱ्या सीझनमध्ये जुना मित्र सॅम येतो तेव्हा हा प्रश्न निघतोच. फ्रेजर म्हणतो, तेव्हा बाबांशी भांडण झालं होतं.

हळदबाजार:
ही मागाहून केलेली दुरुस्ती नोंद. चालती, फक्त कारण लिवायला पाहिजे. त्यांनी लिवलं.

पडद्यामागे:
आणि ‘हॅपी डेज’ या सिटकॉममधला थोरला भाऊ चक? 1974 ला मालिका सुरू झाली तेव्हा घरात होता. दुसऱ्या सीझननंतर गायब, आणि शेवटच्या भागात वडील दोनच मुलं असल्यासारखे बोलतात. असं पात्र विनाखुलासा नाहीसं होण्याला तिकडे त्याच्याच नावाचा रोग म्हणतात.

हळदबाजार:
खातं बंद न करता पान फाडलं. ह्याला आमच्यात चूक म्हणत नाहीत, दुसरं म्हणतात.

हरिपूरकर:
😄 ‘तारक मेहता’तल्या टपूला यात ओढू नका म्हणजे झालं. 2017 ला भव्य गांधीने मालिका सोडली, राज अनाडकत आला. 2023 ला नितीश भलूनी. तो मेळ चुकणं नव्हे. नाटकात नट बदलतो, भूमिका तीच राहते, प्रेक्षक पाच मिनिटांत नव्या चेहऱ्याला सरावतो. बदली म्हणा आणि सोडा.

गुळाची ढेप:
पण मेळ म्हटलं की गणेशोत्सवातले मेळे आठवत नाहीत का कुणाला? उद्या ‘मेळातली चूक’ लिहिलंत तर मला वाटेल, कुणीतरी पद चुकीचं म्हटलं.

हरिपूरकर:
तो मेळा, हा मेळ. पण हरकत रास्त आहे: ‘मेळातली’ नकोच. नाम करायला गेलात की शब्द अडखळतो. ‘मेळचूक’ असा जोडशब्द मी मनात म्हणून पाहिला, सरकारी परिपत्रकातला वाटतो. क्रियापदाबरोबर बसतो म्हणूनच तो जिवंत आहे: मेळ बसला, मेळ चुकला, मेळ लागेना. मूळ इंग्रजीत नाम आहे म्हणून मराठीतही नामच पाहिजे, असा कुठे कायदा आहे?

सबटायटलवाली:
हेच अडलं होतं माझं! “धिस इज अ कंटिन्युटी मिस्टेक” याचं नाम शोधत बसले होते. आता “इथे मेळ चुकलाय” लिहिलं. जागाही कमी लागते. रॉसच्या वयाला ‘पूर्वापरविरोध’ लिहायचा धीर झाला नाही, सर, रागावू नका. “आधीच्याशी जुळत नाही” केलं. आणि जिथे पाहुणा स्वतःच सेटवरचा माणूस आहे तिथे ‘जर्क’ ठेवला, तो त्याच्या तोंडी शोभतो.

एकच अडलंय. फोटो काढून हे सगळं सांभाळणाऱ्या स्क्रिप्ट सुपरवायझरला काय म्हणू? ‘मेळकरी’ लिहून खोडलं, ढेपेच्या भीतीने.

हळदबाजार:
दिवाणजी म्हणा.