किटची कयाक: तारेने शिवल्यावर पीळ दिसतोय, इपॉक्सीआधी काय करू?

पडवीतला सुतार

पेणला पडवीत ४.८ मीटर कयाकचं किट जोडायला घेतलंय. ४ मिमी ओकुमे (हलक्या लाकडाचा) प्लाय, फळ्या मशिनवर कापून आलेल्या. तळाच्या दोन आणि बाजूच्या दोन फळ्या तारेने शिवून झाल्यात, दोन्ही बल्कहेड (आतल्या आडव्या भिंती) बसलेत. पण मागे उभं राहून पाहिलं की पुढची नाळ, म्हणजे पुढचं टोक, डावीकडे कललेली दिसते. सांध्यात इपॉक्सी (हार्डनर कालवून वापरायचं रेझिन) भरताना हे आपोआप बसतं का?

शिवाय मे संपत आला, हवेत दमटपणा ८० टक्क्यांच्या पुढे. काम ऑक्टोबरवर ढकलावं का? किटातली तांब्याची तार संपलीय, इलेक्ट्रिकच्या दुकानात सगळी मल्टिस्ट्रँडच मिळते. आणि एका एफआरपीवाल्याचं (फायबरग्लासचं काम करणाऱ्याचं) म्हणणं, इपॉक्सी कशाला, पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्वस्तात होईल.

रंधा

आपोआप काही बसत नाही. आत्ता जो पीळ आहे तोच इपॉक्सीने पक्का होतो, आणि मग वल्हं कितीही नीट मारा, कयाक एका अंगाला ओढत राहते.

मीटरभर लांबीच्या दोन सरळ पट्ट्या घ्या, ॲल्युमिनियमची चौकोनी नळी उत्तम. एक पुढच्या बल्कहेडपाशी, एक मागच्या, दोन्ही कडांवर आडव्या ठेवा. तीन-चार मीटर मागे जाऊन एक डोळा मिटा आणि दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा एका रेषेत येतात का बघा. एका टोकाला फट दिसली की तोच तुमचा पीळ. मग नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणा; तिच्यावरून सोडलेला ओळंबा प्रत्येक बल्कहेडच्या मध्यखुणेवर पडला पाहिजे. दोन-तीन मिमी इकडेतिकडे असेल तर सोडून द्या, त्याहून जास्त नको.

कारण बहुतेक वेळा घोडीचं, म्हणजे होडी ज्या स्टँडवर ठेवलीय त्याचं असतं. पडवीला पाणी जायला उतार असतोच, त्यामुळे दोन घोड्या एकमेकींशी समतल नसतात आणि ४ मिमी प्लाय निमूटपणे त्यांच्यावर जाऊन बसतो. आधी पाचरी मारून घोड्या लेव्हलमध्ये आणा. नंतर तळाच्या सांध्याच्या सगळ्या तारा अर्धा-अर्धा पीळ सैल करा, होडी सरळ करा, आणि मधून सुरुवात करून टोकांकडे पुन्हा आवळत जा. एक बाजू संपवून दुसरी घेतलीत की पीळ परत येईल, डावी-उजवी आलटूनपालटून घ्या.

तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मागा, १ मिमीची एकेरी, किलोवर मिळते. भोकं दीड मिमी बिटने, कडेपासून ८ मिमी आत, दर १०० मिमीवर. नाळेजवळ वाक जास्त म्हणून ५० वर. पक्कडीने आधी ओढा, मग पिळा. नुसती पिळून आवळायला गेलात तर तार तुटते नाहीतर प्लायच्या कडेत रुतते.

सरळ झाली की तारांच्या मधल्या जागेत घट्ट इपॉक्सीचे दोन-तीन इंची ठिपके द्या. दुसऱ्या दिवशी पट्ट्या ठेवून पुन्हा बघा आणि मगच तारा काढा. अडकलेल्या तारेला सोल्डरिंग आयर्न काही सेकंद टेकवलं की निघते.

खाडीवारा

पॉलिएस्टरचा सल्ला अगदीच वेडगळ नाही. १९६३ ची ब्रिटनमधली मिरर डिंगी (छोटी शिडाची होडी) तांब्याच्या तारेने शिवून काचपट्टी आणि पॉलिएस्टरनेच जोडायची असे, आणि त्या हजारोंनी तरंगल्या. पण पॉलिएस्टर लाकडाला इपॉक्सीइतकं धरत नाही, ओल शिरली की पट्टी सोलली जाते. चार मिमीच्या फळीत सांधा हाच होडीचा कणा आहे, तिथे पैसे वाचवू नका. त्याच दुकानात चॉप्ड स्ट्रँड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) देतील, तीही घेऊ नका: तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. साध्या विणीचं २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम) काचकापड मागा.

हार्डनर जास्त घातला की लवकर सुकतं हा पॉलिएस्टरवाल्यांचा हिशोब इपॉक्सीला लागू नाही. प्रमाण चुकलं तर ते कायमचं चिकट राहतं. डब्यावर मापाचं आणि वजनाचं प्रमाण वेगळं दिलेलं असतं. वजनकाट्यावर करत असाल तर वजनाचंच घ्या. या उन्हाळ्यात एका वेळी दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका आणि कालवलं की पसरट ट्रेमध्ये ओता. उभ्या कपात ते स्वतःच्याच उष्णतेने धुरायला लागतं.

सांध्यात भरायचं मिश्रण चक्क्याइतकं घट्ट हवं, चमचा उलटा धरला तरी पडू नये. लाकडाचा भुसा मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या, ओघळू नये म्हणून थोडं एरोसिल (सिलिकाची अतिबारीक पावडर). खडूची पावडर नको. गोलाई १२ ते १५ मिमी त्रिज्येची, २५ मिमी पीव्हीसी पाइपचा तुकडा फिरवला की होते.

दमटपणासाठी ऑक्टोबरची वाट बघायची गरज नाही, पण पाऊस सुरू असताना कोट देऊ नका. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवायचा, मगच पॉलिश पेपर. उलट केलं की मेण रगडून आत जातं आणि पुढचा कोट सुटतो. कोट दुपार उतरताना, लाकूड थंड होत असताना द्या. सकाळी दिलात तर लाकडातली हवा फुगून वर येते आणि बारीक फोड उठतात.

पडवीतला सुतार

घोडीच निघाली, १८ मिमीचा फरक होता! आणखी एक: डेकच्या (वरच्या झाकणाच्या) एका फळीचा कोपरा फुटलाय. इथला ६ मिमी मरीन प्लाय चालेल?

रंधा

आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा खराखुरा असेल तर डिंक टिकेल, पण वजन बघा. ओकुमेचं ४ मिमी शीट साधारण ६ किलो, आपलं ६ मिमी गर्जनचं (जड लाकडाचं) १३ च्या आसपास, आणि ते नाळेजवळ वाकणारही नाही. कोपरा उरलेल्या ओकुमेनेच जोडा: दोन्ही कडा ३२ मिमी लांब उतरत्या रंधून एकमेकींवर बसवा, म्हणजे जाडीच्या आठपट. तुकडा उरला नसेल आणि स्थानिक प्लाय घ्यावाच लागला, तर आधी एक कपटा उकळत्या पाण्यात टाका. आयएस ७१० ची परीक्षा ७२ तासांची असते. बनावट माल बराच आधी सुटा होतो.

खाडीवारा

डेक बंद करण्याआधी दोन्ही बल्कहेडमध्ये वरच्या बाजूला २ मिमीचं भोक पाडायला विसरू नका. उन्हात आतली हवा फुगते आणि जाण्यासाठी वाट नसेल तर सांधा उचलते. रंग पांढरा किंवा फिका घ्या, दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन), इपॉक्सी आठवडाभर सुकल्यावर. ताज्या इपॉक्सीवर साधा ऑइलपेंट कित्येक दिवस चिकटच राहतो.