'मार', 'तोड', 'पाड': दिसायला सारखी, म्हणून नात्यातली?

उंबरठा: कन्नड 'मारु' म्हणजे विकणे, 'तोडु' म्हणजे खणणे. तमिळ 'नड' म्हणजे चाल. आपल्याकडे नडणारा माणूस चालणाऱ्याचीच वाट अडवतो. तमिळ-तेलुगू 'पाडु' म्हणजे गाणे, आपण पाडतो ती चिंच किंवा उमेदवार. तरी कुणीतरी अशी एखादी जोडी शोधतं आणि 'मराठी मूळची द्राविडच' असं ठोकून देतं. रूप जुळणं हा पुरावाच नव्हे. 'मारणे', 'पाडणे' सरळ मारयति, पातयति यांवरून प्राकृतमार्गे आलेत.

तुंगभद्रा: जरा दमानं. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता कन्नडचे, हे तुम्हीही मानाल. शेजारी नामं देतो आणि क्रियापदं देत नाही, असा नियम आहे का? 'पडणे' घ्या. तेलुगू 'पडु' म्हणजेही पडणेच!

उंबरठा: योगायोग. आपलं 'पड' हे 'पत्'चं प्राकृत रूप.

पक्का_सोलापुरी: आमच्या गल्लीत तिन्ही भाषा चालतात, म्हणून मध्ये पडतो. कन्नडात पडणे म्हणजे 'बीळु'. 'पडु' म्हणजे भोगणे, अनुभवणे. 'नानु कष्ट पट्टे' म्हणजे मी कष्ट सोसले. आपण म्हणतो 'मला कष्ट पडले'. तिथे कर्ता माणूस, इथे कर्ता कष्ट! आणि त्यांच्यात 'संतोष पडु'सुद्धा चालतं. आपल्याला विसर पडतो, भुरळ पडते. आनंद मात्र पडत नाही.

तुंगभद्रा: पण कष्टांसाठी दोघांनीही 'पड'च का धरावं? श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी 'करवियलें' आणि कन्नड 'माडिसिदं' दोन्ही कोरलेत, इतका जुना शेजार. दोन्ही भाषा बोलणाऱ्यांनी आपल्या क्रियापदावर दुसरीकडचा वापर चढवला नसेल कशावरून? मूळ वेगळं, वळण उसनं. हा पर्याय तुम्ही विचारातच घेत नाही.

उंबरठा: वळण उसनं असू शकतं. मग जुन्या मराठीतली वाक्यं काढून दाखवा, दिसण्यावर जाऊ नका. जुन्या कन्नडात गाणे म्हणजे 'पाडु'च होतं. पुढे 'प'चा 'ह' झाला, आज ते 'हाडु' आहे. तेव्हा 'पाडणे'शी सोयरीक जमवली असती, आता काय हाडाशी जमवणार?

तुंगभद्रा: हाडाशी नाही. पण कष्ट दोन्हीकडे 'पड'लाच का चिकटले, याला 'योगायोग' हे उत्तर नाही, टाळाटाळ आहे.

पक्का_सोलापुरी: वाक्यं शोधा तोवर. आणि तेलुगू दोस्त 'रा' म्हणाला तर जागीच राहू नका, तो 'ये' म्हणतोय.