अनुभव धागा : तुमच्या धंद्यात 'पॉइंट' म्हणजे काय?

शब्द एकच, पण दर कामात त्याचं माप निराळं. आपापल्या कामातला 'पॉइंट' लिहा. किस्से नकोत; माप आणि चूक कुठे होते तेवढं पुरे.

वायरिंगवाला : एका स्विचवर चालणारा दिवा किंवा पंखा म्हणजे एक पॉइंट. बोर्डापासून दिव्यापर्यंतचा पाइप, वायर, स्विच, होल्डर हे त्यात धरतात. डीबीपासून (घराचे फ्यूज-एमसीबी असलेल्या मुख्य पेटीपासून) बोर्डापर्यंतची मेन वायर सहसा वेगळी लावतात आणि तिथेच बिलावरून वाजतं. जिन्यातल्या टू-वेला (खालून-वरून दोन्हीकडून चालू-बंद होणाऱ्या दिव्याला) दिवा एक, स्विच दोन, म्हणून त्याचा दर कामाआधीच ठरवा. दिव्याला दीड स्क्वेअर एमएमची वायर चालते, १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला अडीच घ्या. २ किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटला लावला की सॉकेट वितळण्याची भीती.

महाबळेश्वरकर : आमच्याकडे पॉइंट म्हणजे पर्यटकांना दाखवायची जागा. आर्थर सीटच्या एकाच पायवाटेवर एको, माल्कम, टायगर स्प्रिंग. गाडी एकदाच थांबते, पॉइंट मात्र सगळे वेगळे धरतात!

दूध संकलन : इथे पॉइंट म्हणजे फॅट किंवा एसएनएफचा (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांचा) ०.१ टक्का. गायीच्या दुधाला ३.५ आणि ८.५ धरून दर ठरतो. फॅट ३.२ लागली तर तूट तीन पॉइंटांची. समजा पॉइंटला ३० पैसे कपात असेल, तर लिटरमागे ९० पैसे, ४० लिटरला ३६ रुपये गेले.
दोन गोष्टी सांभाळा. कॅन तळापासून नीट ढवळल्याशिवाय नमुना घेऊ देऊ नका, कारण स्निग्धांश वर येतो. आणि शेवटच्या धारा काढा. पहिल्या धारांचं दूध पातळ असतं, खरी फॅट शेवटी उतरते. वासरू शेवटी सोडलं तर ती त्याच्या पोटात जाते. वासराला पाजायचंच आहे, तर आधी पाजा.

सांधेवाला : रेल्वेत पॉइंट म्हणजे सांधा, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा. टंग रेल (सरकणारा, टोकाला निमुळता रूळ) सरकून स्टॉक रेलला (शेजारच्या पक्क्या रुळाला) चिकटली पाहिजे. मध्ये खडी अडकली की फट राहते. तपासताना टोकापासून १५० मिलिमीटरवर ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा दोन्हींच्या मध्ये ठेवतात. तरीही सांधा लॉक झाला, तर तो नापास.

डीटीपी : ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. हे माप अक्षराचं नसून त्याच्या चौकटीचं, म्हणून दोन फॉन्टांत '१२ पॉइंट' सारखे दिसत नाहीत. देवनागरीला ओळींत जागा जास्त लागते. १२ वर १२ (अक्षर १२, ओळीपासून ओळीचं अंतरही १२) ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर बसतो. १२ वर १७-१८ ठेवा.

जुन्या स्कूटरी : आमचा पॉइंट मॅग्नेटमध्ये, म्हणजे स्पार्कसाठी उघडझाप करणारा छोटा संपर्क. फ्लायव्हील फिरवून तो पूर्ण उघडला की फीलर गेजने सुमारे ०.४ मिलिमीटर गॅप लावा. गॅप वाढली की स्पार्क लवकर पडतो, म्हणजे टायमिंगही हलतं. बारीक पॉलिश पेपरने घासून, पेट्रोलने पुसा. तेलाचं बोट लागलेलं चालत नाही. साफ करूनही पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असेल तर कंडेन्सर बदला. पॉइंट घासत बसण्यात अर्थ नाही.

सराफ : हिऱ्यात १०० पॉइंट म्हणजे १ कॅरेट, १ पॉइंट म्हणजे २ मिलिग्रॅम. ५ पॉइंटांचे वीस हिरे मिळूनही एक कॅरेटच भरतो, पण अखंड एक कॅरेटच्या हिऱ्याचा भाव त्याला नाही. बिलावर एकूण वजन आणि नगसंख्या दोन्ही लिहून घ्या.