1903 चं विजेतेपद लोकोमोटिव्ह लाइपझिगचंच! तुम्हाला पटतं का?

मध्यरेषा
जर्मनीचा पहिला राष्ट्रीय फुटबॉल विजेता कोण, असं विचारलं की बहुतेकजण बायर्नचं नाव घेतात. खरं उत्तर आहे व्हीएफबी लाइपझिग. 31 मे 1903 ला आल्टोनामध्ये त्यांनी डीएफसी प्रागचा 7-2 असा धुव्वा उडवला. पुढे 1906 आणि 1913 लाही तेच जिंकले. आज त्याच शहरातला 1. एफसी लोकोमोटिव्ह लाइपझिग हा क्लब जर्मन लीगच्या चौथ्या स्तरावर खेळतो आणि 'ते पहिले विजेते आम्हीच' असं सांगतो. यावर जर्मनीत भरपूर भांडणं झाली आहेत. माझ्या मते हा हक्क त्यांचाच आहे.

महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी जुने क्लब बरखास्त केले, तसा व्हीएफबीही झाला. पण 1946 ला प्रोब्स्टहाइडा या त्याच भागात नवा संघ उभा राहिला. मग सरकारी लहरीनुसार नावं बदलत गेली आणि 1966 ला लोकोमोटिव्ह झालं, चाहत्यांच्या तोंडी नुसतं 'लोक'. व्हीएफबीने 1922 ला बांधलेलं मैदान आजही लोकचं घर आहे. 1932 चा लाकडी स्टँड अजून तिथे उभा आहे.

आणि 2004 विसरू नका. तोपर्यंत व्हीएफबी हे जुनं नाव परत घेतलेला क्लब दुसऱ्यांदा दिवाळखोरीत जाऊन संपला. चाहत्यांनी डिसेंबर 2003 मध्येच लोकोमोटिव्ह नावाने नवा क्लब नोंदवून ठेवला होता. सुरुवात थेट अकराव्या स्तरापासून! ऑक्टोबर 2004 मध्ये ग्रोसडॉयबन नावाच्या गावच्या दुसऱ्या संघाविरुद्धचा सामना बघायला 12,421 माणसं आली. इतक्या खालच्या स्तरावर एवढी गर्दी जमवणाऱ्यांना वारस म्हणायचं नाही, तर कोणाला म्हणायचं?

डावखुरा
अजिबात पटत नाही. लोक हा पूर्व जर्मन सरकारने घडवलेला क्लब. 1963 ला शहरातले चांगले खेळाडू निवडून एससी लाइपझिग या क्लबमध्ये घातले आणि उरलेले लॉयट्श भागातल्या केमी या दुसऱ्या क्लबकडे ढकलले. त्या उरलेल्यांनीच 1964 ला लीग जिंकून दाखवली! एससी लाइपझिगचा फुटबॉल विभाग 1966 ला वेगळा काढला, तोच लोक. त्यांना पूर्व जर्मनीची लीग एकदाही जिंकता आली नाही. म्हणून 1903 ची आठवण येते का, असा प्रश्न मला पडतो.

अकराव्या स्तराबद्दलही पूर्ण सांगा. 2005 मध्ये टोरगाउच्या क्लबशी विलीनीकरण करून त्यांनी मधल्या कितीतरी पायऱ्या गाळल्या. 2021 मध्ये दिवाळखोर व्हीएफबीला कागदोपत्री स्वतःत विलीन करून घेतलं, कशासाठी? तर जुन्या विजेतेपदांवर कायदेशीर हक्क सांगता यावा म्हणून. इतिहास असा नोंदणी कार्यालयातून मिळत नाही.

सातपुडा
दोघांच्याही बोलण्यात 1987 आलंच नाही, याचं वाईट वाटलं. लोकची खरी कमाई ती आहे. कप विनर्स कप या युरोपातल्या क्लब स्पर्धेची उपांत्य फेरी, समोर फ्रान्सचा बोर्दो, मैदान त्सेंट्रालस्टाडिओन. अधिकृत आकडा 73 हजारांच्या आसपास, पण तिथे हजर असलेले लाखभर माणसं होती असंच सांगतात. सामना पेनल्टींवर गेला. गोलकीपर रेने म्युलरने आधी समोरच्यांचे फटके अडवले आणि मग निर्णायक पेनल्टी स्वतः मारायला पुढे आला. गोल! अथेन्सच्या अंतिम सामन्यात आयाक्सच्या व्हॅन बास्टनच्या एका गोलने हरले. चार वेळा पूर्व जर्मन कपही जिंकलेत. ज्यांच्याकडे हे आहे त्यांनी 1903 साठी कोर्टकचेरीच्या थाटात का भांडावं?

पायवाट
वारसा घ्यायचा तर सगळा घ्या. 2006 मध्ये युवा संघाच्या सामन्यात लोकच्या काही पाठीराख्यांनी स्टँडमध्ये माणसांचं स्वस्तिक केलं होतं, हिटलरवालं. 2007 ला आउए या क्लबच्या दुसऱ्या संघाविरुद्धच्या सामन्यानंतर दंगल होऊन डझनावारी पोलीस जखमी झाले आणि सॅक्सनीच्या फुटबॉल संघटनेला पुढचे सामनेच रद्द करावे लागले. 1903 मिरवणाऱ्यांनी यावरही तेवढ्याच मोठ्याने बोलावं.

मध्यरेषा
@पायवाट, शंभर टक्के मान्य. त्यातलं काहीही झाकू नये. तसं तर 1903 ची स्पर्धाही धुतल्या तांदळासारखी नव्हती. उपांत्य सामना पुढे ढकलल्याची खोटी तार कार्ल्सरूहेच्या संघाला कोणीतरी पाठवली, ते आलेच नाहीत आणि प्राग न खेळता अंतिम फेरीत गेलं.

@डावखुरा, टोरगाउचा मुद्दा बरोबर आहे, मी तो सांगायला हवा होता. पण सरकारने क्लब घडवला हा त्या चाहत्यांचा गुन्हा नाही. त्यांना कोणी विचारलं होतं?

डावखुरा
मग चाहत्यांनी काय केलं तेच बघू. 1991 ला क्लबने व्हीएफबी हे जुनं नाव परत घेतलं, 1993 ला बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये, गेला आणि एकाच हंगामात तळाला राहून खाली आला. पुढे नवा क्लब काढायची वेळ आली तेव्हा चाहत्यांनी नाव निवडलं लोकोमोटिव्ह. 1903 वर एवढं प्रेम होतं, तर व्हीएफबी का नाही?

मध्यरेषा
कारण लहानपणापासून स्टँडमध्ये ते 'लोक, लोक' ओरडत आलेत. आजोबांच्या क्लबचं नाव वेगळं होतं म्हणून नातवाने आपलं नाव टाकून द्यायचं? नाव 1966 चं आणि विजेतेपद 1903 चं, दोन्ही एकाच प्रोब्स्टहाइडाचं आहे. मला यात विसंगती दिसत नाही.