मदत हवी आहे: महागडी ‘रीइश्यू’ स्ट्रॅटोकॅस्टर घ्यावी, की अर्ध्या किमतीतली घेऊन नीट सेटअप करून घ्यावी?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या धाटणीची स्ट्रॅटोकॅस्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार; जुन्या मॉडेलची आजची आवृत्ती म्हणजे ‘रीइश्यू’) घ्यायची आहे. तीन गिटारींवर येऊन अडलोय. फेंडरची अमेरिकेत बनणारी अमेरिकन व्हिंटेज टू १९६१, मेक्सिकोत बनणारी व्हिंटेरा टू सिक्स्टीज आणि इंडोनेशियात बनणारी, फेंडरच्याच स्वस्त ब्रँडची स्क्वायर क्लासिक व्हाइब सिक्स्टीज. क्लासिक व्हाइबची किंमत एक धरली तर व्हिंटेरा साधारण अडीच पट आणि अमेरिकन जवळजवळ पाच पट पडते.

राहायला ठाण्यात, खोलीत एसी नाही. वाजवणं मुख्यतः ब्लूज आणि जुनी हिंदी गाणी, तारा ओढून सूर चढवणं भरपूर. लहान ट्यूब अ‍ॅम्प आहे. अमेरिकन घेतली तर नात्यातलं कुणीतरी दिवाळीला येताना घेऊन येईल. पाच पट पैशांत नेमकं काय मिळतं, आणि त्यातलं काय हाताला आणि कानाला खरंच कळतं, एवढंच जाणून घ्यायचं आहे.

सोल्डरवाला

पाच पट पैसे कुठे जातात ते आधी पाहू. मोठा वाटा तिथल्या मजुरीचा आणि नायट्रोसेल्युलोज लॅकरचा (लाकडावरचा पातळ चकचकीत लेप). लॅकरचे पातळ थर एकावर एक मारायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, मग घासायचं. व्हिंटेराला पॉलिएस्टर असतं, ते झटपट कडक होतं आणि एकदा जाड थर बसला की काम संपलं. उरलेले पैसे जातात ‘जसं होतं तसं’ ठेवण्यात. तुमच्यासाठी खरी मेख इथेच आहे, कारण १९६१ साली जे होतं ते सगळंच वाजवणाऱ्याच्या सोयीचं नव्हतं.

फ्रेटबोर्डची (गिटारीच्या दांड्यावरची पट्टी, जिच्यात धातूच्या आडव्या फ्रेट, म्हणजे पडदे, बसवलेले असतात) गोलाई घ्या. जुन्या स्ट्रॅटची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची, म्हणजे बोर्ड चांगलाच उंचवटेदार. कॉर्ड धरायला हात सुखावतो. पण पहिली तार बाराव्या फ्रेटवर दाबून मधल्या तारांच्या दिशेला ओढली की ती कमानीच्या उंच भागावर चढते. तिचं ब्रिजकडचं (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथलं) टोक मात्र कडेला, खालीच असतं. मग ती पंधराव्या-सतराव्या फ्रेटला घासते आणि सूर मध्येच गुदमरून मरतो. सतारीवर मींड घेताना हा प्रश्न येत नाही, कारण तिथे तार पडद्यापासून बरीच उंच असते. इथे आपण तारा बोर्डाला चिकटवून ठेवायला बघतो.

अमेरिकन १९६१ आणि व्हिंटेरा टू सिक्स्टीज दोन्ही ७.२५. क्लासिक व्हाइब ९.५ इंच. तुमच्या वाजवण्याला सगळ्यात स्वस्त गिटारीचा बोर्ड जास्त मानवेल. किमतीचा आणि सोयीचा इथे काही संबंध नाही.

७.२५ वर तारांच्या उंचीचं फेंडरचं स्वतःचं माप असं: सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २ मिमी, बारीक तारेखाली १.६ मिमी. भरपूर ओढणाऱ्याने बारीक तारही २ मिमीपर्यंत न्यावी. एवढं करूनही गुदमरत असेल तर बाराव्या फ्रेटपासून पुढच्या फ्रेट टोकाकडे किंचित उतरत्या घासून घ्याव्या लागतात. हे काम फ्रेट घासणाऱ्या अनुभवी कारागिराचंच. घरी सँडपेपर फिरवून फ्रेटचे माथे सपाट झाले की सूर बेसूर होतो, आणि मग नव्या फ्रेट बसवण्याचा खर्च.

शिसवी

वरचं बरोबर आहे, पण ठाण्याच्या माणसाने गोलाईच्या आधी ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (दांड्याच्या) आतला, तिचा वाक सुधारणारा लोखंडी गज बघावा.

जुन्या स्ट्रॅटमध्ये ट्रस रॉडचा नट नेकच्या बुडाशी, बॉडीच्या खाचेत असतो. फिरवायचा तर नेक काढावी लागते. कोरड्या, सारख्या हवेत वर्षातून एकदा हे काम पडलं तर ठीक. आपल्याकडे मे संपता संपता हवा भिजायला लागते, ऑक्टोबरनंतर पुन्हा सुकते. लाकूड दोन्ही वेळा हलतं. नेक कुठल्या अंगाला वळेल ते प्रत्येक लाकडाचं वेगळं, म्हणून ऐकीव माहितीवर नट फिरवू नका. आधी मोजा.

पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटचा माथा व तार यांतली फट फीलर गेजने मोजा. गेज मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, टॅपेट लावायला मेकॅनिक वापरतात तोच. ७.२५ च्या बोर्डला फट ०.३ मिमी, ९.५ ला ०.२५ मिमी.

फट जास्त निघाली तर:

तारा पूर्ण सैल करा, पण कापो तसाच राहू द्या म्हणजे खुंट्यांवरचे वेढे सुटत नाहीत. मागचे चार स्क्रू काढा. नेक सरळ वर उचला, वाकडी ओढलीत तर खाचेच्या कडेचं लॅकर उडतं. खाचेत कागदाची किंवा लाकडाची पातळ चकती असेल तर ती कुठे होती ते पेन्सिलीने खूण करून ठेवा. ती विसरली की सगळ्या तारांची उंची बिघडते आणि कारण सापडत नाही. नट फुलीच्या खाचेचा असतो, त्यात नीट भरणारा रुंद स्क्रूड्रायव्हरच घाला, बारीक घातला तर खाच झिजते. घड्याळाच्या दिशेने एकअष्टमांश फेरा, फार तर पाव. पुन्हा जोडताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवून जुन्या आट्यात ‘टक्’ करून बसू द्या, मग आवळा. नाहीतर नवे आटे पडून भोक ढिलं होतं. तारा लावा, सुरात आणा, पुन्हा मोजा. बहुधा दोन-तीन वेळा हे करावं लागतं.

क्लासिक व्हाइबमध्ये ट्रस रॉडचा नट डोक्याकडे आहे. षट्कोनी किल्ली घालायची, फिरवायची, पाच मिनिटांचं काम. तुम्ही कुठलीही गिटार बघा, डोक्याकडे, तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात (तिलाही नटच म्हणतात) तिच्या मागे किल्लीचं भोक आहे का ते आधी तपासा.

लॅकरबद्दलही सांगतो. नायट्रो कायम विरघळणारं राहतं. त्यामुळे ओरखडा पडला तर नवं लॅकर जुन्यात मिसळून जातं आणि दुरुस्ती दिसत नाही, हा त्याचा मोठा गुण. तोच दोषही. स्टँडचं रबर, पीव्हीसीचा पट्टा किंवा प्लॅस्टिकचं कव्हर टेकून राहिलं की त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ लॅकरमध्ये उतरतो आणि तिथे चिकट खड्डा पडतो. डीट असलेलं डास पळवणारं मलम हाताला लावून गिटार धरलीत तर बोटांचे ठसे लॅकरमध्येच उठतात. पावसाळ्यात संध्याकाळी वाजवणाऱ्याने हे लक्षात ठेवायलाच हवं. घामट हातांनी नेकची मागची बाजूही काहींना चिकट लागते. पॉलिएस्टरला हे त्रास सहसा होत नाहीत.

घाटमाथा

खूप उपयोगी माहिती, मनापासून आभार. नेक काढायला लागते हे माहीत नव्हतं. आता आवाजाचं सांगा. क्लासिक व्हाइब घेऊन त्यात चांगले पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारे चुंबकी भाग) टाकले तर अमेरिकनच्या किती जवळ जाता येईल? आणि पेपर-इन-ऑइल कपॅसिटरचं एवढं कौतुक ऐकतो, ते खरं का?

पडघम

कपॅसिटरचं आधी उरकतो. मोजलेलं मूल्य सारखं असेल तर कागद-तेलाचा आणि साधा फिल्म कपॅसिटर टोन सर्किटमध्ये सारखंच काम करतात. जुन्या सुट्या भागांत लिहिलेलं मूल्य आणि खरं मूल्य यांत वीस-वीस टक्के फरक असायचा. लोकांना ऐकू येतो तो हा फरक. पॉटचंही (आवाज आणि टोनच्या बटणाखालचा फिरता रेझिस्टर) तेच, २५० किलो-ओहम लिहिलेला पॉट २१० चा निघाला की आवाज बोथट, २८० चा निघाला की धारदार. मल्टिमीटरने मोजून २५० च्या थोडा वरचा निवडा, हा सगळ्यात स्वस्त सुधार आहे.

पिकअपने मात्र खरा फरक पडतो, आणि त्यासाठी अख्खी गिटार घ्यायची गरज नाही. फेंडर आपले प्युअर व्हिंटेज पिकअप सुटेही विकते. अ‍ॅल्निको चुंबक, ४२ गेजची तार, साधारण साडेपाच ते सहा किलो-ओहम, असा संच बघा. तुमचा लहान ट्यूब अ‍ॅम्प थोडा चढवलात की स्वस्त गिटारीतला असा संच आणि अमेरिकन यांतलं अंतर फार कमी राहतं.

बदलताना चुका कुठे होतात ते सांगतो.

जुन्या धाटणीच्या संचात तिन्ही पिकअपची गुंडाळी आणि ध्रुव सारखेच असतात. त्यामुळे पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी, जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात, घरघर कापली जात नाही. (मूळ गिटारीला स्विचच तीन जागांचा होता, फेंडरने पाच जागांचा १९७७ मध्ये दिला.) तुम्हाला ती घरघर नको असेल तर मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवाचा मागवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप मिसळलेत आणि दोन मिळून आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा आला, तर दोघांची फेज उलटी आहे. एकाच्या दोन तारा अदलाबदल करून सोल्डर करा. ध्रुव तपासायला शाळेतलं होकायंत्र पुरतं.

दुसरं. जुन्या रचनेत तिसऱ्या तारेखालचा चुंबक बराच वर असतो, कारण त्या काळी तिसरी तार गुंडाळलेली असायची. आज आपण साधी लावतो, म्हणून ती ओरडते. हा चुंबक बोटाने किंवा स्क्रूड्रायव्हरने खाली ढकलायचा मोह होतो. अजिबात ढकलू नका. या पिकअपांत जेमतेम ०.०६ मिमी जाडीची तार थेट चुंबकांवरच गुंडाळलेली असते. चुंबक सरकला की ती तुटते आणि पिकअप मेला. त्यापेक्षा बारीक तारांची बाजू थोडी खाली करा किंवा सपाट चुंबकांचा संच घ्या. पिकअप आणि तार यांतलं अंतर: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेखाली २.४ मिमी, बारीक तारेखाली २ मिमी. याहून जवळ आणलेत तर चुंबक तार खेचतो आणि वरच्या फ्रेटवर एका सुरात दोन सूर ऐकू येतात. मग लोक इंटोनेशनला (प्रत्येक फ्रेटवर सूर नेमका लागावा म्हणून केलेल्या जुळणीला) दोष देत बसतात.

घरघरीबद्दल: आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. दोन पिनांची जोडणी करून ट्यूब अ‍ॅम्प वापरणं धोक्याचं आहे, तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्या क्षणी अ‍ॅम्प बंद करा. त्यानंतर पिकअपच्या खाचेला आतून तांब्याची पट्टी आणि पंख्याच्या रेग्युलेटरपासून दूर बसणं.

कोरोनाची नेक

सगळे स्वस्ताच्या बाजूने बोलताहेत, तर दुसरी बाजूही यायला हवी. ही गिटार महाग आहे म्हणजे फसवणूक आहे असं नव्हे.

फेंडरने १९८२ मध्ये ’५७ आणि ’६२ च्या स्ट्रॅट व ’५२ ची टेलिकॅस्टर पुन्हा काढायला घेतली, कारण सत्तरच्या दशकातल्या गिटारींना कंटाळलेले वादक जुन्या शोधत होते आणि जपानी कंपन्या हुबेहूब नकला विकत होत्या. तेव्हापासून या मालिकेचं खरं बळ नेकमध्ये आहे. नेकचा आकार, बोर्डच्या गोल केलेल्या कडा, फ्रेटची टोकं आणि नटच्या खाचा. स्वस्त गिटारीत ही चार कामं घाईत होतात. पिकअप बदलता येतो, नेकचा आकार बदलता येत नाही. डोळे मिटून तिन्ही गिटारींवर पहिल्या पाच फ्रेटमध्ये दहा मिनिटं कॉर्ड वाजवा. हाताला फरक कळला तर पैसे त्याचे आहेत. नाही कळला तर देऊ नका.

दुसरं म्हणजे पुनर्विक्री. वापरलेली अमेरिकन रीइश्यू मूळ केस आणि कागदपत्रांसह असेल तर बरीच किंमत टिकवते. स्वस्तात घेतलेल्या गिटारीवर पिकअप, खुंट्या, नट असा खर्च केलात तर विकताना त्यातलं जवळजवळ काहीच परत येत नाही. काढलेले मूळ भाग पिशवीत घालून जपून ठेवा.

‘रेलिक’ म्हणजे मुद्दाम झिजवलेली गिटार मात्र किनाऱ्यालगत राहणाऱ्याने घेऊ नये. उघड्या लाकडात घाम आणि ओल मुरते, लोखंडी सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यांचे) स्क्रू आधीच गंजवलेले असतात, ते दोन पावसाळ्यांत जाम होतात.

शिसवी

@कोरोनाची नेक, नेकबद्दल सहमत. एक जोडतो. मूळ १९६१ च्या बोर्डचं लाकूड ब्राझीलचं होतं, १९९२ पासून त्याच्या व्यापारावर कडक आंतरराष्ट्रीय बंदी आहे. आजच्या रीइश्यूंवर बहुधा भारतीय रोजवुड असतं, म्हणजे आपल्या सह्याद्रीतली शिसवी. त्या लाकडाच्या तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरपासून परवान्याच्या नियमातून सूट आहे, त्यामुळे लाकडाची अडचण येणार नाही. सीमाशुल्क मात्र आहे. आणणाऱ्याला पावती सोबत ठेवायला आणि विमानतळावर जाहीर करायला सांगा, आणि शुल्क धरूनच पाच पट की सहा पट ते ठरवा. वॉरंटी भारतात चालेल का, हेही विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

विमानातून आलेली लॅकरची गिटार लगेच उघडू नका. केस बंद ठेवून रात्रभर खोलीत राहू द्या, नाहीतर थंडीतून एकदम उष्ण हवेत आल्यावर लॅकरला केसासारख्या तडा जातात.

सोल्डरवाला

माझा कौल सांगतो. एसी नसलेली ठाण्यातली खोली, भरपूर तार ओढणं, स्वतः सेटअप शिकायची तयारी: क्लासिक व्हाइब, वर एक पिकअप संच, हाडाच्या नटच्या खाचा नीट कापून घेणं आणि फ्रेट एकदा सपाट करून घेणं. हे सगळं धरूनही व्हिंटेराच्या आत बसता. दुकानात तीन-चार नग मागवा, सगळे वाजवा. वजन साडेतीन किलोच्या आसपास असेल तो निवडा. पहिल्या तारेवर दहाव्यापासून पंधराव्यापर्यंत प्रत्येक फ्रेटवर दीड सूर ओढून बघा, आणि सहावी व पहिली तार बोर्डच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का ते पाहा. पहिली तार कडेवरून घसरत असेल तर नेक खाचेत तिरकी बसली आहे. असा नग परत द्या.

घाटमाथा

ठरलं. शनिवारी दुकानात फीलर गेज घेऊन जातो. पिकअपचा मधला उलट गुंडाळीचाच मागवेन. नटच्या खाचा कापायला कुठल्या मापाच्या कानशी लागतात, हे कुणी सांगेल का? तारा १० ते ४६ च्या (जाडी इंचाच्या हजारांशात) लावणार आहे.

पडघम

तार जेवढी, तेवढी किंवा दोन अंक मोठी कानस: १०, १३, १७, २६, ३६, ४६. खाच डोक्याच्या दिशेला किंचित उतरती ठेवा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट उरली की थांबा. एक घासा जास्त झाला तर उघडी तार खणखणते, मग नट नवाच लागतो.